कावळ्याला ‘सुचतं’ म्हणावं का? बुद्धी, विचार आणि काही क्रियापदं

विचारणा आली आहे ती अशी. मुलांसाठी प्राण्यांच्या बुद्धीवर एक लेख लिहिला. त्यात दोन वाक्यं होती: ‘माकडाची बुद्धी उत्क्रांत होत होत माणसाच्या बुद्धीपर्यंत पोचली’ आणि ‘कावळा विचार करून मडक्यात खडे टाकतो’. लेख तपासणाऱ्याने दोन्हींवर काट मारली आणि दुसऱ्या वाक्यात ‘विचार करून’च्या जागी ‘उपजत प्रेरणेने’ घातलं. त्यांचं म्हणणं, बुद्धी आणि विचार माणसालाच असतात. मराठीत हे शब्द खरंच असे राखीव आहेत का, आणि नसतील तर प्राण्यांसाठी कोणता शब्द वापरावा?

राखीव नाहीत. दुसरं वाक्य थोड्या डागडुजीने टिकेल. पहिलं मात्र जायलाच हवं, पण तपासणाऱ्यांनी दिलेल्या कारणासाठी नव्हे.

आधी ‘बुद्धी’. धातू बुध्, म्हणजे जागं होणं, कळणं. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी कोशात, तिला चौदा पर्याय एका दमात येतात: बुद्धी, मनीषा, धिषणा, धी, प्रज्ञा, शेमुषी, मती असं करत शेवट ‘चेतना’वर. ज्या यादीत चेतनाही बसते, ती यादी प्राण्यांना दाराबाहेर कशी ठेवणार? सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी बुद्धीची व्याख्या आखडती केली: अध्यवसाय, म्हणजे निश्चय करणारी ती बुद्धी. मन घोटाळतं, बुद्धी ठरवते. आणि बोलीतली बुद्धी तर आणखी वेगळी आहे. सूडबुद्धी, कर्तव्यबुद्धी, ‘मला ही बुद्धी कुठून झाली’, ‘देव त्याला चांगली बुद्धी देवो’ यांतली बुद्धी मोजता येण्याजोगी नाही. ती त्या त्या वेळचा मनाचा कल आहे. मोजायच्या गोष्टीसाठी आपण पुढे ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द घेतला. त्यामुळे ‘कुत्र्याला बुद्धी असते’ हे मराठीत साधं वाक्य आहे, आणि ‘कुत्र्याची बुद्धिमत्ता’ म्हटलं की कसोट्या, गुण, तक्ते आलेच.

‘अक्कल’ अरबी. तिच्या मुळाचा अर्थ बांधणं. उंटाच्या पायाला बांधायची दोरीही त्याच मुळातली. ‘हुशार’ फारसी, शुद्धीवर असलेला, सावध. जनावराला आपण सहज हुशार म्हणतो, ‘मुक्या जनावराला कळतं ते तुला कळत नाही’ असं माणसाला ऐकवतो, पण ‘बैलाची अक्कल’ म्हटलं की ती माणसाची निंदा होते. म्हणून शास्त्रीय लेखात ‘अक्कल’ टाळावी असं माझं मत. तो शब्द नांदतो टोमण्यांत आणि अक्कलदाढेत.

तपासणाऱ्यांचा आक्षेप मात्र अगदीच हवेत नाही. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक दंडक घालून दिला: प्राण्याच्या वागण्याचा उलगडा खालच्या पायरीच्या मानसिक क्रियेने होत असेल, तर वरच्या पायरीची क्रिया त्याच्या माथी मारू नये. या दंडकाची गरज किती होती ते दहाच वर्षांत दिसलं. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये त्याला तपासायला समिती बसली आणि तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर पफुंग्स्ट यांनी बारकाईने पाहिलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. खुराचा योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, त्याच्या नकळत, आणि ते पाहून हान्स थांबायचा.

इथे ‘घोड्याला बुद्धी नव्हती’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. समितीतल्या जाणत्या माणसांना जी हालचाल दिसली नाही ती त्याला दिसत होती. मराठीत यासाठी नेमकं क्रियापद आहे: ताडणे. हान्स मोजत नव्हता, ताडत होता.

माझं उत्तर याच वाटेने जातं. नामांवर भांडण्यापेक्षा क्रियापदं निवडा. मराठीत ‘विचार करणे’ या एका क्रियेच्या अवतीभोवती किती क्रिया आहेत बघा: ओळखणे, हेरणे, ताडणे, उमजणे, उमगणे, सुचणे, आठवणे, लक्षात ठेवणे, पडताळणे. प्रत्येकीचं काम वेगळं. प्रयोगात प्राण्याने जे केलं, त्याच्याशी जुळणारं क्रियापद घेतलं की अर्धे वाद उरत नाहीत.

‘सुचणे’ घ्या. वोल्फगांग क्योलर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात तेनेरीफ बेटावर चिंपांझींवर प्रयोग करत होते. त्यांच्या सुलतान नावाच्या चिंपांझीला पिंजऱ्याबाहेरची फळं ओढायची होती, पण हातातली एकही काठी पुरत नव्हती. बराच वेळ धडपडून त्याने नाद सोडला. मग काठ्यांशी खेळता खेळता एकीचं टोक दुसरीच्या पोकळीत बसलं, आणि तो तसाच उठून जोडकाठी घेऊन फळांकडे धावला. सुलतानने विचार केला का? माहीत नाही. त्याला सुचलं का? हो, नि:शंक. आपल्या व्याकरणात सुचणाऱ्याला चतुर्थी लागते, तो कर्ता नसतो. ‘मला सुचलं’मध्ये मी काही केल्याचा दावाच नसतो. ज्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, त्याच्याबद्दल बोलायला ही रचना फार सोयीची.

आता तुमचा कावळा. मडक्याची गोष्ट इसापाची, पण २००९ मध्ये क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी ती प्रयोगशाळेत करून पाहिली. पक्षी होते रूक, कावळ्याच्या कुळातले, एकूण चार. नळीत पाणी, पाण्यावर तरंगती अळी, बाजूला दगड. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं, मोठे दगड पसंत केले, आणि पाण्याऐवजी लाकडाचा भुसा ठेवला तेव्हा हा उपाय चालत नाही हे ते शिकले. नळीत दगड टाकण्याची सवय त्यांना आधीच्या प्रयोगांतून होती, हे सांगायला हवं. पण रूक रानात हत्यारं वापरत नाहीत, म्हणजे ‘उपजत प्रेरणेने’ हा बदल सरळ चूक आहे. ‘उपजत’ म्हणजे उपजताना सोबत आलेलं. हे उपजत नव्हतं, शिकलेलं आणि पडताळलेलं होतं.

उलटंही होतं. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांपैकी बेट्टी नावाच्या कावळीने ऑक्सफर्डमध्ये सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्याने खाऊची बादली वर ओढली. हे २००२ मध्ये छापून आलं तेव्हा ‘तिला आयत्या वेळी सुचलं’ असं जगभर म्हटलं गेलं. पुढे २०१६ मध्ये दिसलं, की त्याच जातीचे रानातून पकडलेले कावळे लवचीक काड्या अशाच वाकवतात. मग बेट्टीचं कौशल्य उपजत होतं की सुचलेलं? थोडं हे, थोडं ते. उपजत आणि बुद्धी यांच्यात भिंत आहे ही समजूतच कच्ची आहे.

एका गांधीलमाशीमुळे ही भिंत पक्की झाली असं मला वाटतं. फाब्र या फ्रेंच कीटकनिरीक्षकाने पाहिलं, की बिळाच्या तोंडाशी रातकिडा ठेवून माशी आधी एकटी आत जाते, पाहणी करते आणि मग शिकार आत ओढते. ती आत असताना त्यांनी रातकिडा जरा लांब सरकवला. माशीने तो परत आणला, तोंडाशी ठेवला आणि पुन्हा पाहणी. असं चाळीसेक वेळा. यंत्रवत प्रेरणेचा नमुना म्हणून ही गोष्ट पुस्तकांतून फिरते. पण दुसऱ्या वसाहतीतल्या माश्यांनी दोन-तीन फेऱ्यांनंतर पाहणी सोडून रातकिडा थेट आत नेला, हेही फाब्र यांनीच लिहून ठेवलंय. ते कुणी सांगत नाही.

जाता जाता ‘डूख धरणे’. आपण हा वाक्प्रचार नागाला बहाल केला, पण माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेणारा नाग कथेतच भेटतो. डूख धरतात कावळे. सिएटलमध्ये जॉन मार्झलफ यांच्या चमूने २००६ मध्ये गुहामानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडले. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही त्यात सामील होत.

प्राण्यांना कळतं, समजतं, सुचतं आणि ते शिकतात, तर मग माणसाचं वेगळं काय? मला यातला सर्वांत रंजक भाग हाच वाटतो, आणि मराठी व्याकरण इथे अनपेक्षित मदत करतं. या क्रियापदांची प्रयोजक रूपं बघा. कळणे–कळवणे. समजणे–समजावणे. सुचणे–सुचवणे. शिकणे–शिकवणे. डाव्या बाजूला प्राणिसृष्टीत गर्दी आहे, उजव्या बाजूला तुरळक वस्ती.

वस्ती अगदीच नाही असं नाही. मधमाशी फुलांची दिशा आणि अंतर नाचून कळवते; कार्ल फॉन फ्रिश यांनी तो नाच उलगडला आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. केनियातली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांसाठी वेगवेगळ्या हाका देतात. मीरकॅट हे आफ्रिकेतले मुंगसाच्या कुळातले प्राणी पिल्लांना आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी काढलेला जिवंत आणि मग नांगीसकट. याला शिकवणं म्हणायला हरकत नसावी. पण जपानच्या कोशिमा बेटावरचा प्रसंग पाहा. १९५३ मध्ये इमो नावाच्या माकडिणीने रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. हळूहळू कळप ते शिकला. इमोने कुणाला शिकवलं नाही. बाकीच्यांनी बघून उचललं, तेही वर्षानुवर्षांच्या संथ गतीने.

माणसाच्या वंशात ही उजवी बाजू कधी भरू लागली? शब्द मातीत सापडत नाहीत, दगड सापडतात. सर्वांत जुनी घडवलेली दगडी हत्यारं केनियात लोमेक्वीला मिळाली, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. ती ओबडधोबड आहेत. पुढे सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत हातकुऱ्हाड येते: दोन्ही बाजूंनी छिलून काढलेली, साधारण बदामी आकाराची. प्रवरेकाठी नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं, तिथल्या नदीच्या थरांतही या घाटाच्या हातकुऱ्हाडी आहेत. धोंड्यात न दिसणारा आकार आधी मनात धरायचा आणि मग तो गवसेपर्यंत छिलत जायचं, हे नुसतं बघून साधणं अवघड. कुणीतरी दाखवलं असणार, हात धरला असणार, चूक सुधारली असणार. याच लाखो वर्षांत मेंदूही वाढला. चिंपांझीचा सुमारे ४०० घन सेंटिमीटर, होमो इरेक्टस या प्राचीन मानवाचा ९०० च्या आसपास, आपला साधारण १३५०. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव विसाव्याच्या वेळीही सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. इतका महाग अवयव नुसत्या डाव्या बाजूसाठी पोसला गेला असेल, असं मला वाटत नाही.

‘विचारणे’ राहिलंच. विचार म्हणजे वि + चर्, मनाचं चहूकडे फिरणं. मराठीची गंमत अशी, की नाम म्हणून ‘विचार’ म्हणजे चिंतन, पण क्रियापद केलं की ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणं. हा अर्थ धरला तर कसोटी फारच कडक होते. हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवली आणि १९७९ मध्ये चित्रफिती तपासून सांगितलं, की त्याच्या बहुतेक खुणा शिक्षकाच्या खुणांमागोमाग आलेल्या आहेत आणि त्यांत मागण्याच फार आहेत. अपवाद पक्ष्याचा आहे. आयरीन पेपरबर्ग यांच्या अ‍ॅलेक्स या करड्या पोपटाने आरशात पाहून रंग कोणता असं विचारलं, आणि मग ‘करडा’ हा शब्द शिकला, अशी नोंद आहे.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘माकडाची बुद्धी उत्क्रांत होत होत माणसापर्यंत’ यात शिडी लपलेली आहे. त्याला थोडी आपली संज्ञाही जबाबदार. उत् + क्रम् म्हणजे वर किंवा बाहेर पाऊल टाकणं. ब्रह्मसूत्रांत ‘उत्क्रांती’ म्हणजे जीवाचं देह सोडून जाणं. आधुनिक अर्थाला तो ‘उत्’ चिकटून राहिला आणि आपण ‘अधिक उत्क्रांत प्राणी’ असं बिनदिक्कत बोलू लागलो. बंगालीतल्या ‘विवर्तन’ला असं वरखाली नाही. शब्द बदला असं मी म्हणत नाही, तो आता रुळलेला आहे. पण माकडांची आणि आपली वाट अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, चिंपांझींची साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. ते सगळे तेव्हापासून आपल्याइतकाच काळ बदलत आले आहेत. कावळ्याशी आपलं नातं जुळतं ते तीस कोटींहून अधिक वर्षांमागे, तरी हुशारी दोन्हीकडे आली, आणि निराळ्या रचनेच्या मेंदूतून आली. अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, तर त्याहून दूरचा. त्याच्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी बहुतेक बाहूंत असतात. डार्विनने १८७१ मध्ये म्हटलं, की माणूस आणि वरच्या दर्जाचे प्राणी यांच्या मनांतला फरक मोठा असला तरी प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही. फरक प्रमाणाचा असणं आणि सगळे एकाच शिडीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा मी लिहिलं असतं: ‘माणूस आणि माकड यांचे पूर्वज एक, पुढे दोघांची बुद्धी आपापल्या वाटेने घडत गेली.’ आणि: ‘मडक्यात खडे टाकले की पाणी वर येतं हे कावळ्याच्या लक्षात येतं.’ गोष्ट सांगत असाल तर ‘कावळ्याला युक्ती सुचली’ हे चालेल.

लेखात बुद्धिमापनाचा उल्लेख असेल तर एक शुद्धलेखनाची गोष्ट. सुट्या शब्दात ‘बुद्धी’ दीर्घ, समासात ‘बुद्धि’ ऱ्हस्व: बुद्धिमत्ता, बुद्धिबळ. बुद्धि + अंक यांचा संधी ‘बुद्ध्यंक’ होतो. सर्रास छापला जाणारा ‘बुद्ध्यांक’ संधिनियमात बसत नाही. ‘बुद्धिगुणांक’ लिहिलंत तर हा प्रश्नच येत नाही.