टर्बो कंपाइल केली, वेग उलट घटला? आधी नॅसम बघा

फोंड्याच्या स्टुडिओतल्या जुन्या डेबियन मशीनवर तुम्ही लिबजेपीईजी-टर्बो (जेपीईजी फोटो वेगात वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) स्वतः कंपाइल करून 'यूएसआर लोकल'मध्ये टाकली. एकही एरर नाही, तरी चवथीच्या फोटोंची थंबनेल्स बनायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणता. मशीनवर नॅसम (असेंब्लीतला कोड प्रोसेसरला कळेल असा करणारा प्रोग्राम) नसणार.

इंटेल-एएमडीसाठी या लायब्ररीतली जड कामं, म्हणजे रंगांचं रूपांतर, डीसीटी (जेपीईजी कॉम्प्रेशनमागचं गणित) वगैरे, हाताने असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, लिहिलेली आहेत. त्या फाइल्स जीसीसीला, म्हणजे सीच्या कंपायलरला, कळत नाहीत, नॅसम किंवा त्याच्याच जातीचा यास्म लागतो. तो सापडला नाही तर बिल्डची तयारी करणारा सीमेक थांबत नाही. 'परफॉर्मन्स विल सफर' असा इशारा देतो आणि साध्या सीमधली लायब्ररी बांधून मोकळा होतो. ती ओळ शंभर ओळींत वर सरकून जाते, कोण बघतो!

नॅसम टाका, बिल्डचा अख्खा फोल्डर उडवा (सीमेकची कॅश फार चिवट) आणि 'रिक्वायर_एसआयएमडी' हा सीमेकचा पर्याय १ करून (एसआयएमडी म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं, ती असेंब्ली तेच करते) पुन्हा चालवा. आता काही बिनसलं तर बिल्ड तिथेच अडेल.

मग सोबत येणारा, वेग मोजणारा टीजेबेंच एका मोठ्या फोटोवर दोनदा चालवा. एकदा तसाच, एकदा 'जेएसआयएमडी_फोर्सनन' हे असेंब्ली बंद ठेवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवून. दोन्हीकडे सेकंदाला किती मेगापिक्सेल हा आकडा तोच आला, तर असेंब्ली आत गेलेलीच नाही.

'मार्च=नेटिव्ह' (बांधणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरपुरता कोड बनवणारा फ्लॅग) लावू का, असंही विचारलंत. नको. मी एकदा नव्या लॅपटॉपवर तसं एक फोटो टूल बांधलं आणि जत्रेच्या आदल्या रात्री पेनड्राइव्हवरून म्हापशाच्या मित्राला दिलं. त्याच्या पेंटियमवर उघडताच 'इललीगल इन्स्ट्रक्शन', खेळ खलास. २०१३ च्या हॅसवेल पिढीच्या इंटेल कोअर प्रोसेसरांत एव्हीएक्स२ (एसआयएमडी सूचनांचा संच) आलं, पण त्याच पिढीच्या पेंटियममध्ये नव्हतं. रात्री दीड वाजता त्याच्या शिव्या खाऊन हे शिकलो. तो फ्लॅग सी कंपायलरसाठी असतो, नॅसमच्या कोडला शिवतही नाही. टर्बो चालतानाच प्रोसेसरला विचारते आणि एसएसई२ (त्याआधीचा संच) वापरायचा की एव्हीएक्स२ ते ठरवते.

बाकी, डेबियनची स्वतःची लिबजेपीईजी म्हणजे टर्बोच, असेंब्लीसकट बांधलेली. तिच्याऐवजी 'यूएसआर लोकल'मधली तुमची साधी प्रत वापरली जाते, म्हणून तर तुमचा वेग घटला. कंपाइल करायची हौस नसेल, तर 'यूएसआर लोकल'मधली तुमची प्रत काढा, एलडीकॉन्फिग (लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवा आणि थंबनेल्स पुन्हा लावा.