एकांकिका म्हणजे छोटं नाटक?

प्रश्न असा आला आहे: "कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आजच्या लेखकांच्या एकांकिकांवर रसग्रहणपर लेख लिहिते आहे. 'छोटं नाटक', 'एकांकिका', 'दीर्घांक', 'नाटिका' हे शब्द आलटून पालटून वापरले तर चालतील का? शिवाय आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो, मध्ये एकदा जरी काळोख केला तरी दोन अंक होतात आणि मग ती एकांकिका राहत नाही. हे बरोबर आहे का?"

तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर नाही. आणि हे शब्द आलटून पालटून वापरू नका, कारण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचं काम आहे. 'छोटं नाटक' तर लेखातून काढूनच टाका. बोलताना ते चालून जातं, पण रसग्रहणात तो शब्द आला की लिहिणारा नकळत उणिवा मोजायला लागतो: पात्रं कमी, वेळ कमी, नेपथ्य कमी. एकांकिका बघायला बसताना नजर भलतीकडेच जाते.

या शब्दातला वजनदार भाग 'अंक' आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. अंक संपला हे संस्कृत नाटकांत कसं कळतं? 'निष्क्रान्ताः सर्वे' या रंगसूचनेवरून. सगळे आत गेले, रंगमंच रिकामा झाला, की अंक संपला. नाट्यशास्त्राची आणखी एक अट अशी की एका अंकात एका दिवसाच्या आतलंच घडावं. मधले दिवस, महिने, वर्षं दोन अंकांच्या फटीत जायची आणि त्या काळात काय घडलं ते विष्कंभक किंवा प्रवेशक नावाच्या छोट्या जोडप्रसंगातून सांगितलं जायचं. म्हणजे अंकाचं माप घड्याळाचं नव्हतं. एका दमात, न तुटता घडणारा पट्टा म्हणजे अंक.

एकांकी नाट्यप्रकार आपल्याकडे परदेशातून आला असं सरसकट बोललं जातं. आजच्या एकांकिकेवर पाश्चात्त्य 'वन अ‍ॅक्ट प्ले'चा मोठा प्रभाव आहे, यात वाद नाही. पण संस्कृतातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, भाण, व्यायोग, वीथी आणि 'अंक' याच नावाचा एक प्रकार हे एकांकीच आहेत. भासाच्या नावावरची 'कर्णभार', 'दूतवाक्य', 'मध्यमव्यायोग' ही एका अंकातलीच. 'ऊरुभंग' मुद्दाम वाचा. भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध त्यात दाखवलेलंच नाही. सुरुवातीलाच तीन सैनिक बोलून ते उरकतात. नाटक खरं सुरू होतं ते मांड्या मोडल्यानंतर. दुर्योधन जमिनीवर सरपटत येतो. आंधळे आईबाप त्याला शोधत येतात (गांधारीच्या डोळ्यांवर पट्टी, पण आंधळीच ती). आणि लहानगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला थांबवावं लागतं. 'अंक' म्हणजे संस्कृतात मांडीसुद्धा, हे माहीत असलं की हा प्रसंग जास्तच लागतो. युद्ध जिंकलं कोणी, हरलं कोणी, सगळं त्या मुलाच्या एका हालचालीत येऊन बसतं. कितीही अंक जोडले तरी याहून जास्त काय सांगणार होता लेखक?

आता काळोखाचं. काळोख झाला की संपतो तो प्रवेश, म्हणजे अंकातला एक प्रसंग. अंक चालूच असतो. एका अंकात अनेक प्रवेश असणं हे आपल्या रंगभूमीला मुळीच नवीन नाही. 'सौभद्र' किंवा 'शारदा'सारख्या पाच अंकी संगीत नाटकांच्या एकेका अंकात प्रवेशांमागून प्रवेश येतात, मागचा रंगवलेला पडदा बदलला की स्थळ बदललं. एका अंकात एकच प्रवेश ही पद्धत रुळली ती नंतर. 1933 साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्या सुमाराच्या वास्तववादी नाटकांसोबत. तुमच्या मित्राच्या डोक्यात बहुधा ही नंतरची पद्धतच नियम होऊन बसली आहे. अंक खरा तुटतो मध्यंतराने: प्रेक्षागृहातले दिवे लागतात, लोक उठतात, बटाटेवडा खाऊन परत येतात. एकांकिकेत हे होत नाही. मधे चार वेळा दिवे गेले तरी प्रेक्षक जागेवर श्वास धरून असतो, आणि तो जागेवर आहे तोवर अंक एकच.

मात्र मित्राच्या बोलण्यात नियम नसला तरी जाण आहे. स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांमध्ये दर तीन मिनिटांनी ब्लॅकआउट घेणाऱ्या एकांकिका दिसतात, आणि तिथे अंक एक असूनही पट्टा तुटलेला वाटतो. लेखकाला काळ पुढे न्यायचा असतो, पण तो पात्रांच्या तोंडून किंवा हालचालीतून कसा न्यावा हे सुचलेलं नसतं, म्हणून दिवे विझतात. तुमच्या लेखात हे जरूर तपासा. काळोख किती वेळा झाला हे मोजण्यात अर्थ नाही. काळोखाने काय केलं ते लिहा.

'-इका'बद्दल थोडक्यात. हा प्रत्यय लहानपणा दाखवतो हे खरं: पुस्तक, पुस्तिका. पण नेहमी नाही. लेखिका म्हणजे लहान लेखक नव्हे, तिथे तो फक्त स्त्रीलिंग घडवतो. ऑपेराला आपण संगीतिका म्हणतो आणि ऑपेरा काही आटोपशीर प्रकार नाही. आकाशवाणीच्या नाटकाला श्रुतिका म्हणतो, तिथे '-इका' प्रकाराचं नाव घडवण्यापुरती आहे. 'एकांकिका'कडे मी याच घरातला शब्द म्हणून बघते: एका अंकाचा असा एक स्वतंत्र प्रकार. आणि प्रकार स्वतंत्र आहे हे पटवायला प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' पुरेशी आहे. पाण्याच्या एका घोटाभोवती अस्पृश्यतेचा सगळा पीळ तिथे उभा राहतो. ती कोणत्या मोठ्या नाटकाची छोटी आवृत्ती आहे, असं कुणी विचारणार नाही.

तुम्ही आजच्या लेखकांवर लिहिता आहात, म्हणून प्राजक्त देशमुख यांच्या 'देवबाभळी'वर जरा थांबते. ही आधी एकांकिका होती, स्पर्धांमधून गाजली, आणि 2017 साली भद्रकाली प्रॉडक्शन्सने 'संगीत देवबाभळी' हे पूर्ण नाटक म्हणून रंगभूमीवर आणली. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. बीज अगदी एवढंसं आहे. तुकोबांना शोधत निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो, आणि ज्या विठ्ठलावर ती उठता बसता चिडते तोच तो काटा काढतो. पुढे जखम बरी होईपर्यंत तिच्या घरी राबायला रखुमाई लखूबाई होऊन येते. रंगमंचावर दोघीच. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी.

यात लेखकाने काळ कसा बांधला आहे बघा. लखूबाईचा मुक्काम किती, तर पायाची जखम भरेपर्यंत. वेगळं घड्याळ नको, तारीख नको. ती जखम बरी होत जाते आणि प्रेक्षकाला कळत राहतं की आता दोघींकडे वेळ कमी उरला आहे. एकांकिकेचा अंक असा आतून बांधावा लागतो. आणि मुळात तो इतका पक्का होता म्हणूनच पूर्ण नाटक झाल्यावर, अभंगांना आणि गाण्यांना जागा मिळाल्यावरही तो सुटला नाही असं माझं मत आहे. नाटक करताना लेखकावर एक नवीन ओझं येतं, ते म्हणजे मध्यंतराचं: प्रेक्षक उठेल अशा जागी आणून सोडायचं आणि परत आल्यावर पुन्हा पकडायचं. एकांकिकेला ती सवलत नाही आणि तो त्रासही नाही. देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आणि प्रताप फड यांचं 'अनन्या' हीसुद्धा एकांकिकेतूनच नाटक झाली. 'अनन्या'त अपघातात दोन्ही हात गमावलेली मुलगी पुन्हा उभी राहते, म्हणजे तिथे काळ लांब आहे आणि तो एका अंकात मावण्यासाठी दाबावा लागतो. 'देवबाभळी'शी तुलना करायला ही जोडी छान आहे. अशा वेळी 'एकांकिका वाढवली' असं लिहू नका. 'एकांकिकेचं नाटक केलं' हा रूढ प्रयोगच नेमका आहे, कारण ते नव्याने केलेलं असतं.

बाकीच्या शब्दांचा निकाल पटकन लावते. मध्यंतर न घेता तास-सव्वातास चालणाऱ्या प्रयोगाला दीर्घांक म्हणतात. शब्द नवा आहे, पण घडण चोख आहे: अंक एकच, फक्त लांब. नाटिकेची गंमत उलटी. संस्कृतात नाटिका चार अंकी असते, हर्षाची 'रत्नावली' तशीच आहे. आजच्या मराठीत मात्र नाटिका म्हटलं की शाळेचं गॅदरिंग आठवतं, म्हणून गंभीर एकांकिकेला नाटिका म्हणू नका. एकपात्री हा शब्द पात्रसंख्येचा आहे, लांबीचा नाही. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकपात्री, पण पूर्ण नाटकाच्या लांबीचं. नाट्यछटा दिवाकरांची, 1911 पासूनची: एकच माणूस बोलतो आणि समोरचे काय म्हणाले ते आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखतो. 'पंत मेले, राव चढले' वाचून पाहा, दोन पानांत कसं जग उभं राहतं ते. टीव्हीवरच्या स्किटला हल्ली प्रहसन म्हणतात, त्याला माझी काहीच हरकत नाही. पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं संस्कृत 'मत्तविलास' हे प्रहसनच होतं, जुना शब्द पुन्हा कामाला लागला. 'एकांकी' हे नाम हिंदीत पक्कं आहे. मराठीत ते विशेषण म्हणून वापरा, जसं 'एकांकी नाटक'. नाम हवं असेल तेव्हा एकांकिकाच. आणि 'एक अंकी एकांकिका' हे पोस्टरवरसुद्धा नको.

'लोकसत्ता'च्या स्पर्धेमुळे 'लोकांकिका' हा शब्द कानावर पडतो. ते त्या स्पर्धेचं नाव आहे, प्रकाराचं नाही. 'सवाई'त पाहिलेल्या एकांकिकेला 'सवाई एकांकिका' म्हणतात, तिथेही तेच. पंचवीस जानेवारीच्या रात्री चालणारी चतुरंग या संस्थेची ही स्पर्धा इतर स्पर्धांतल्या विजेत्या एकांकिकांची, म्हणून सवाई.

शेवटी तुमच्या 'रसग्रहणपर' या शब्दाविषयी. तो ठेवा. 'परीक्षण' घेतलात तर स्पर्धेच्या वातावरणात गोंधळ होईल, कारण तिथे परीक्षण करतात ते परीक्षक, आणि त्यातून क्रमांक निघतात. क्रियापदंही नाटकवाल्यांचीच घ्या: एकांकिका लिहिली जाते, बसवली जाते, तिचा प्रयोग होतो. 'सादरीकरण केले गेले' हे निवेदकाला लखलाभ. लेखाच्या मथळ्यात 'आजच्या काही एकांकिका: एक आस्वाद' असं काहीतरी साधं चालेल, आणि प्रत्येक एकांकिकेखाली लेखकाचं नाव दिग्दर्शकाच्या आधी द्या. कॉलेजच्या स्पर्धांत ते नेमकं गाळलं जातं.