टबावरची जुनी खिडकी: बदला आत्ताच, पण कार्डावर नको

प्रश्न: न्यू जर्सीत एडिसनला आमचं 1956 सालचं घर आहे. बाथरूमचं काम काढलंय, बजेट 18,000 डॉलर, त्यात टाइल्सना 4,200. टबाच्या वर, शॉवरच्या भिंतीतच जुनी लाकडी खिडकी आहे, खालचं लाकूड मऊ पडलंय. कंत्राटदाराचे तीन भाव: खरवडून रंगवायचे 300, नवी खिडकी 1,900, बुजवून बाहेरचं साइडिंग (भिंतीवरच्या पट्ट्यांचं आवरण) जुळवायचे 2,600. बजेटबाहेरचा हा खर्च क्रेडिट कार्डावर टाकावा का? बाजूला चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे. मुलगी दोन वर्षांची आहे.

उत्तर: 300 चा पर्याय आधी बाद करा. 1978 पूर्वीच्या घरात रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. खरवडताना उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. अशा घरांत पैसे घेऊन खिडकी बदलणाऱ्या कंत्राटदाराकडे ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं) शिसे-सुरक्षेचं प्रमाणपत्र असावंच लागतं. ते आधी पाहा, भाव नंतर.

शिवाय मऊ लाकूड म्हणजे पाणी भिंतीत उतरतंय. वर कितीही चांगला रंग दिलात तरी ते थांबणार नाही, आणि चार वर्षांनी नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या तर तो सगळा खर्च तुमच्याच खिशातून जाईल. हळूहळू मुरलेल्या पाण्याचं आणि कुजण्याचं नुकसान घराचा विमा सहसा भरून देत नाही.

बुजवणं पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात निर्धोक. पण खिडकी गेली की बाहेर हवा सोडणारा एक्झॉस्ट फॅन हवाच, आणि तो 2,600 मध्ये धरलाय का ते विचारा. फॅन आधीपासून असेल आणि खिडकीतून शेजारची भिंतच दिसत असेल, तर मी बुजवायलाच सांगेन. नाहीतर 1,900 ची नवी खिडकी घ्या: व्हिनाइल किंवा फायबरग्लासची, उंबरा टबाकडे उतरता, वॉटरप्रूफिंग चौकटीपर्यंत नेलेलं. काचेची खालची कड टबाच्या तळापासून 60 इंचांच्या आत येत असेल तर टेम्पर्ड (कडक केलेली सुरक्षित) काच नियमानेच लागते.

आता पैसे. वीस टक्क्यांच्या वर व्याज घेणाऱ्या कार्डाला हात लावू नका. चार महिन्यांची शिल्लकही मोडू नका, घरात लहान मूल आहे. खिडकीचे पैसे टाइल्समधून काढा. साध्या सिरॅमिक टाइल्स लावा, आरसा-नळ पुढच्या वर्षी बदला. पाणी टाइलच्या मागचं वॉटरप्रूफिंग अडवतं, टाइलची किंमत नाही.

'करसवलत मिळेल' असं विक्रेता म्हणाला तर ऐकू नका. खिडक्यांवरची 30 टक्के, कमाल 600 डॉलरची केंद्रीय सवलत 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या कामाला नाही. पावत्या मात्र जपा. घर विकताना नफ्यावरचा कर मोजताना सुधारणेचा खर्च मूळ किमतीत धरता येतो.

करारावर सही करण्याआधी एक ओळ लिहून घ्या: भिंत उघडल्यावर आतलं लाकूड कुजकं निघालं तर फुटामागे काय दर. तो आकडा न देणाऱ्याला काम देऊ नका.