लिव्हर लोह घ्यायचं थांबवत का नाही?

प्रश्न : माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार) आहे, नियमित रक्त चढवावं लागतं. आता रिपोर्टमध्ये फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा) खूप वाढलंय, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन जवळजवळ शंभर टक्के आलंय आणि डॉक्टर म्हणतात लिव्हरमध्ये लोह साठतंय. लिव्हरच्या पेशींवर लोह आत घ्यायला रिसेप्टर असतात असं वाचलं, मग पुरेसं झाल्यावर त्या घेणं थांबवत का नाहीत?
– एक आई, उल्हासनगर

उत्तर : ताई, थांबवतात, पण एकाच दाराने. दुसरं दार उघडंच राहतं आणि सगळा घोळ तिथे होतो.

पहिलं दार आधी बघू. एरवी रक्तात लोह मोकळं फिरत नाही, ट्रान्सफरिन नावाचं प्रोटीन ते धरून नेतं, एका रेणूवर लोहाचे 2 अणू, आणि हे प्रोटीन मुख्यतः लिव्हरच बनवतं. पेशीवरचा ट्रान्सफरिन रिसेप्टर 1 या भरलेल्या प्रोटीनला पकडतो, मग तिथला पडद्याचा भाग आत खचतो आणि रिसेप्टर, प्रोटीन, लोह असं सगळंच एका छोट्या पिशवीत बंद होऊन पेशीत जातं. पिशवीतला पीएच 5.5 च्या आसपास उतरला, म्हणजे आत आम्लता वाढली, की लोह सुटतं. रिकामं प्रोटीन मात्र रिसेप्टरला चिकटूनच राहतं, तसंच वर परत येतं आणि रक्ताचा 7.4 पीएच लागला की सुटून पुन्हा कामाला लागतं. मला हे फार सुंदर वाटतं, काहीच वाया जात नाही.

पेशीत लोह वाढलं की या रिसेप्टरचा एमआरएनए, म्हणजे तो बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, लवकर मोडला जातो, म्हणजे नवे रिसेप्टर कमी बनतात. हेच तुम्ही म्हणता ते थांबवणं. लिव्हरच्या पेशींवर ट्रान्सफरिन रिसेप्टर 2 पण असतो, त्याचं मोठं काम रक्तात किती लोह आहे ते ओळखणं आणि हेप्सिडिन हे हार्मोन वाढवायला मदत करणं. हेप्सिडिन आतड्यातून येणारं लोह अडवतं, पण सलाइनसारखं थेट शिरेतून आलेल्या रक्तातलं लोह ते कसं अडवणार? रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येतं आणि शरीर रोज फक्त 1-2 मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकतं.

म्हणून ट्रान्सफरिन भरून जातं, तुमच्या रिपोर्टमधले शंभर टक्के म्हणजे हेच, आणि उरलेलं लोह ट्रान्सफरिनशिवाय रक्तात फिरायला लागतं. ते लिव्हरच्या पेशीत झिप14 या प्रोटीनच्या दुसऱ्या दाराने शिरतं, आणि हे दार लोह वाढलं म्हणून बंद होत नाही. 2015 मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की झिप14 काढून टाकलं तर रक्तात जादा लोह असूनही लिव्हरमध्ये ते साठत नाही.

मग हे दार बंद करणारी गोळी का नाही, असं तुमच्या मनात येईलच. अडचण अशी की याच दाराने लिव्हर मॅंगनीजही उचलतं, आणि ज्या मुलांमध्ये जन्मतःच झिप14 नीट नसतं त्यांच्या मेंदूत मॅंगनीज साठतं, हालचाली बिघडतात. त्यामुळे सध्याचा खरा उपाय चिलेशनचाच, म्हणजे डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन किंवा डेस्फेरिऑक्सामाइन, जे डॉक्टरांनी दिलं असेल ते. ही औषधं जादा लोहाला पकडून शौचातून किंवा लघवीतून बाहेर काढतात. आणि ताई, इथे कळकळीने सांगते, डोस चुकवू नका, कारण औषधाचा असर उतरला की ते मोकळं लोह रक्तात पुन्हा दिसायला लागतं, आणि ते फक्त लिव्हरमध्ये नाही, हृदयातही शिरतं.

फेरिटिन साध्या इन्फेक्शनमध्येही वाढतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर घाबरू नका किंवा निर्धास्तही राहू नका. लिव्हर आणि हृदयातलं लोह मोजणारा एमआरआय कधी करायचा ते पुढच्या वेळी डॉक्टरांना नक्की विचारा.