‘बाहेर मला कोण विचारणार?’

लष्करातून बाहेर पडलेले अधिकारी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य येतंच. “मॅडम, इतकी वर्षं हेच केलं. आता बाहेर मला कोण विचारणार?” शब्द थोडे मागेपुढे होतात, काळजी तीच. आज त्यांतल्या एका वैमानिकाबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लेफ्टनंट कर्नल, वय ४५, मूळचे सातारा जिल्ह्यातले. आर्मी एव्हिएशनमध्ये, म्हणजे लष्कराच्या हवाई शाखेत, आधी चीता, मग ध्रुव हेलिकॉप्टर उडवलं. सियाचिनला दोनदा राहून आले. शेवटची चार वर्षं उड्डाणाबरोबरच युनिटमधल्या हेलिकॉप्टरांच्या देखभालीचं नियोजनही सांभाळलं. कर्नलच्या निवडीत नाव आलं नाही, तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेतली. पेन्शन सुरू होती, पुण्यात फ्लॅट होता, मुलगी बारावीला.

पहिला फोन त्यांच्या पत्नीचा. “रोज साडेचारला उठतात. दाढी करतात, बूट पॉलिश करतात आणि गॅलरीत बसून राहतात. कुठे जायचंच नसतं हो.”

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, दारू आणि जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारलं. फौजी माणसाला हे आडवळणाने विचारू नये, त्याला ते अपमानास्पद वाटतं. झोप तुटत होती, बाकी ठीक होतं. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर नोकरीचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्या.)

मग त्यांनी मुलाखतीची गोष्ट सांगितली. एका खासगी कंपनीत गेले होते. समोरच्या मुलाने विचारलं, “सर, डीजीसीएचं लायसन्स आहे का?” डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतुकीचे परवाने देणारं सरकारी खातं. नाही म्हटल्यावर सात मिनिटांत चहाही न येता मुलाखत संपली.

त्या मुलाचं चुकलं नव्हतं. लष्करात कितीही तास उडवलं, तरी नागरी परवाना आपोआप हातात पडत नाही. तास धरले जातात, पण हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान यांच्या परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओ टेलिफोनीचा परवाना वेगळा, वैद्यकीय तपासणी वेगळी आणि कंपनीकडे जे हेलिकॉप्टर असेल त्याचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट मॉडेल उडवण्याची मान्यता, आणखी वेगळं. देखभालीतही तेच: दुरुस्तीनंतर मशीन उडायला योग्य आहे अशी सही करायला डीजीसीएच्या ‘सीएआर ६६’ या नियमाखालचा परवाना लागतो. ज्यांना पुढे उडायचंच आहे, त्यांना मी कळकळीने सांगते की लॉगबुक (उड्डाणांच्या तासांची नोंदवही) प्रमाणित करून घेणं आणि परीक्षांची तयारी वर्दीत असतानाच सुरू करा.

पण कर्नलसाहेबांनी (लेफ्टनंट कर्नललाही बोलताना कर्नलच म्हणतात) ‘लायसन्स नाही’ हे ‘लायकी नाही’ असं ऐकलं होतं. सहा महिने ते त्याच एका शब्दाशी झगडत होते.

त्यांचा बायोडेटा मी वाचला. दोन पानं, आणि ओळीओळीला लष्करी आद्याक्षरं. मला अर्धं कळलं नाही. तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “सकाळी ऑफिसला गेल्यावर पहिल्या तासात नेमकं काय करायचात?”

त्यांनी कागद मागितला. पेन्सिलीने दहा उभ्या काठ्या काढल्या, पहिली सगळ्यांत उंच, शेवटची नखाएवढी. “प्रत्येक काठी म्हणजे एक हेलिकॉप्टर. उंची म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगला उरलेले तास. सगळ्यांचे तास एकदम संपले, तर जखमी जवानाला आणायला मशीनच उरणार नाही. म्हणून आज कुठलं उडवायचं, कुठलं राखायचं, हे असं ठरवायचं की काठ्या कायम अशा उतरत्या राहतील. याला आम्ही स्टॅगर म्हणतो.” बोलता बोलता त्यांनी सहावी काठी खोडून ठेंगणी केली. “हे मशीन त्या महिन्यात एका पार्टसाठी अडकलं होतं.” म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर एक खराखुरा महिना होता. सहा महिन्यांत ते पहिल्यांदाच इतकं बोलले असावेत.

मी विचारलं, “ही काठी हेलिकॉप्टरचीच असायला हवी?”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या भेटीला पत्नीलाही घेऊन आले, आणि त्या दिवशी एक गोष्ट कळली जी त्या दोघांनी आपसात कधी बोलून दाखवली नव्हती. वहिनी म्हणाल्या, “अवेळी फोन वाजला की एकवीस वर्षं माझे हातपाय गार पडत आलेत. आता पुन्हा नको.” कर्नलसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. परवान्याच्या परीक्षांचा विषय त्यांनी तूर्त मागे ठेवला. मी म्हटलं, दार कायमचं बंद करू नका, वय आहे अजून. पण तो निर्णय त्या दोघांचा होता.

त्यांना सगळ्यांत जड जात होती ती बढतीची गोष्ट. गावात कुणी ना कुणी विचारायचंच, “साहेब, कर्नल का नाही झालात?” म्हणून त्यांनी गावी जाणंच सोडलं होतं. आम्ही एक साधं उत्तर बांधलं: “लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. पुढे जागा थोड्या, म्हणून निवड होते. माझी निवड झाली नाही, मी बाहेर पडलो.” ‘माझी’ या शब्दावर आवाज अडकायचा. माझ्या खोलीत त्यांनी ते आठ-दहा वेळा म्हटलं. मग दिवाळीत वडिलांसमोर म्हटलं. वडील निवृत्त सुभेदार. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. जेवलास का?” हे मला सांगताना ते रडले.

त्याच मुक्कामात वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांकडे त्यांनी पहिल्यांदा देखभाल करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं. तिथेही पाती आहेत, गिअरबॉक्स आहे. तेलात धातूचे कण दिसू लागले की आत काहीतरी झिजतंय, आणि थरथर वाढली की वेळेत थांबवायचं. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. आणि पावसाळ्यात वारा जोरात असतो, त्यामुळे मोठी सर्व्हिसिंग जूनच्या आत उरकावी लागते. म्हणजे पुन्हा काठ्याच. बायोडेटा आम्ही नव्याने लिहिला, एका पानात. किती मशीन, किती माणसं, किती वेळ ती सज्ज ठेवली, एवढंच. आद्याक्षर एकही नाही.

चार महिने गेले, तीन नकार आले. आता एका देखभाल कंपनीत नियोजनाचं काम बघतात. पगार मनात धरला होता त्याहून कमी आहे. वरिष्ठ त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि पहिल्याच दिवशी त्याने नुसत्या नावाने हाक मारली. हे वरवर क्षुल्लक वाटेल, पण एवढी वर्षं ‘सर’ ऐकलेल्या माणसाला ते लागतं. त्यावर आम्ही पूर्ण दोन भेटी घालवल्या आणि मला त्या वाया गेल्यासारख्या वाटत नाहीत.

बूट अजूनही रोज पॉलिश होतात. परवा म्हणाले, १ नोव्हेंबरला आर्मी एव्हिएशनचा स्थापना दिवस असतो, जुन्या युनिटचं आमंत्रण आलंय. तिथे बरोबरीचे कर्नल झालेले भेटतील. जायचं की नाही, हे त्यांचं ठरलेलं नाही. येत्या मंगळवारी त्यासाठीच बसणार आहोत.