गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम सांधा हाडात पक्का कसा राहतो? तो जागचा हलतो का?

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या हालचाली एकत्र झाल्या आहेत. मांडीच्या हाडावर बसवलेला धातूचा भाग नडगीवरील पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या थरावरून फिरतो आणि घसरतो, ती हालचाल हवीच आहे. आईंच्या गुडघ्यातून येतो म्हणून आपण लिहिलेला ‘टक्’ असा आवाज बहुधा हे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकल्याचा असतो आणि सोबत वेदना किंवा सूज नसेल तर सहसा काळजीचे कारण नसते. लक्ष द्यायचे ते धातू आणि हाड यांच्यामधील हालचालीकडे.

बहुतेक शस्त्रक्रियांत धातूचे भाग बोन सिमेंटने बसवले जातात. हे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे ॲक्रिलिक असून भुकटी आणि द्रव एकत्र केल्यावर साधारण 10 ते 15 मिनिटांत कडक होते. ते गोंदाप्रमाणे चिकटवत नाही, तर कापलेल्या हाडाच्या जाळीदार भागात काही मिलिमीटर शिरून तिथेच घट्ट होते आणि त्या जाळीत अडकून राहते. म्हणूनच सर्जन हाडाचा पृष्ठभाग फवाऱ्याने धुऊन कोरडा करण्यात वेळ घालवतात. छिद्रांत रक्त आणि चरबी राहिली तर सिमेंटला आत शिरायला जागा उरत नाही.

सिमेंटविना बसवायच्या सांध्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांत रुग्णाचे स्वतःचे हाड वाढते. मात्र चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो आणि प्रत्येक पावलागणिक धातू किंचित हलतो. ही हालचाल सुमारे 50 मायक्रॉनच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी राहिली तर हाड आत वाढू शकते. ती 150 मायक्रॉनच्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते आणि ते भाराखाली धातूला स्थिर धरू शकत नाही.

आता ‘सरकतो का’ याचे उत्तर: हो, सुरुवातीला थोडा सरकतो, आणि यात घाबरण्यासारखे काही नाही. इतके सूक्ष्म सरकणे साध्या एक्स-रेवर दिसत नाही. त्यासाठी स्वीडनमधील योरान सेल्विक यांनी 1974 मध्ये मांडलेली पद्धत वापरतात: शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात सुमारे 1 मिलिमीटरचे टँटलम या धातूचे मणी ठेवायचे, पुढे ठरावीक काळाने एकाच वेळी दोन कोनांतून एक्स-रे घ्यायचे आणि मण्यांच्या संदर्भाने सांध्याची जागा मोजायची. ही मोजमापे मुख्यतः संशोधनासाठी होतात, पण त्यांतून कळलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. नडगीवरील भाग पहिल्या काही महिन्यांत सरकतो आणि बहुतेकांत वर्षभरात स्थिरावतो. सिमेंटविना बसवलेला भाग सुरुवातीला अधिक सरकतो, तरीही नंतर उत्तम टिकू शकतो. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासाने दाखवले की पहिल्या वर्षानंतरही, विशेषतः दुसऱ्या वर्षात 0.2 मिलिमीटरहून अधिक सरकत राहिलेल्या सांध्यांत पुढे सैल होण्याचा धोका जास्त असतो. थोडक्यात, तो किती सरकला यापेक्षा सरकणे थांबले की नाही हे अधिक महत्त्वाचे.

स्थिरावलेला सांधाही वर्षांनंतर सैल होऊ शकतो. पॉलिथिलीन झिजून त्याचे सूक्ष्म कण आसपास साचतात, संरक्षक पेशी ते गिळतात आणि त्या प्रक्रियेत हाड झिजवणाऱ्या पेशींना चालना मिळते. जंतुसंसर्गानेही सांधा सैल होतो, आणि त्याची तपासणी तातडीने करावी लागते.

आईंना बसून उठताना पहिल्या काही पावलांत दुखत असेल, भार देताना नव्याने वेदना होत असतील किंवा सूज वाढत असेल, तर आवाजापेक्षा त्या लक्षणांसाठी डॉक्टरांकडे जावे. एक्स-रेवर सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये बारीक काळी रेषा दिसली तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ती रुंद होत आहे की वर्षानुवर्षे तशीच आहे, हे जुन्या चित्राशी ताडूनच ठरते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवावा आणि प्रत्येक तपासणीला सोबत न्यावा.