‘का’ विचारू नका, मोजमाप पुस्तिका मागा

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीसमोरच्या पदपथाचे चांगले पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवले. ते एका पावसाळ्यात खचले. ‘हे काम का केलं, खर्च किती झाला’ असा माहिती अधिकारात अर्ज टाकला. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ एवढंच उत्तर आलं. आता काय करू?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : असली उत्तरं वाचली की संताप येतो. माहिती विस्तृत आहे म्हणून ती नाकारता येतच नाही. २००५च्या कायद्याचं कलम ७(९) फार तर ती वेगळ्या स्वरूपात द्यायची मुभा देतं. नकाराला कलम ८ किंवा ९चा आधार लागतो. अगदी हेच लिहून, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला विसरू नका.

पण नुसत्या अपिलावर विसंबू नका. नवा अर्जही द्या आणि त्यात ‘का’ विचारू नका. या कायद्याने दप्तरातला कागद मिळतो, खुलासा नाही. मी नोकरीभर ठेकेदारांची बिलं तपासली, म्हणून सांगते, मोजमाप पुस्तिका मागा. आम्ही तिला एमबी म्हणायचो. काम किती लांबी-रुंदीचं झालं, ब्लॉकखाली कुठला थर किती जाडीचा दिला, कोणी कधी मोजलं, हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावरूनच बिल निघतं. सोबत अंदाजपत्रक, कार्यादेश आणि निविदेतली दोषदायित्व कालावधीची अट मागा. तो कालावधी संपला नसेल, तर खचलेला पदपथ ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करायचा असतो. हे कुणी विचारलं नाही, तर त्याच जागेसाठी पुन्हा निविदा निघते आणि पैसा तुमच्याआमच्या करातला जातो.

आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून प्रतींच्या आधी अभिलेखाची पाहणी मागा, हवी तीच पानं निवडता येतात. कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, म्हणजे तो ब्लॉकसुद्धा मागता येतो! एमबीतले आकडे उतरवून घ्या आणि टेप घेऊन पदपथ स्वतः मोजा. जिथे लांबी जुळणार नाही, तिथलं पान नंबरासकट आयुक्तांच्या नावे लेखी द्या, पोच घ्या.

आणि नवी मुंबईत पदपथ महापालिकेचा, सिडकोचा की एमआयडीसीचा, हा घोळ नेहमीचा. त्यावरून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका. अर्ज चुकीच्या दारी गेला असेल, तर तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे.